रोडिओतल्या स्त्रिया आणि बांधलेल्या रिकिबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराखी स्त्रियांवरचा आणि रोडिओवरचा (गुराख्यांच्या घोडेस्वारी व गुरे हाताळण्याच्या स्पर्धांवरचा) लेख वाचला. हा विषय मराठीत फारसा येत नाही, म्हणून तो छापल्याबद्दल आभार. मात्र ‘उधळ्या घोड्यावर बसण्याच्या जीवघेण्या प्रकारात स्त्रिया उतरल्याच नाहीत, त्यांनी पिंपांभोवतीची सोपी शर्यत निवडली’ या वाक्याचा पूर्वार्धही चूक आहे आणि उत्तरार्धही.

1912 साली कॅनडातल्या कॅलगरी स्टँपीड या रोडिओत मोंटानाच्या फॅनी स्पेरी यांनी स्त्रियांची उधळ्या घोड्यांची स्पर्धा जिंकली, तीही रिकिबी न बांधता. त्या काळी बऱ्याच स्त्रिया दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधून घेत. त्याने फायदा होई, यात शंका नाही. घोडा उसळला तरी रिकीब मागेपुढे झुलत नाही, पाय जागेवर राहतो आणि टिकून बसणे सोपे जाते. पण मोकळी रिकीब लटकती असते, पाय झटकला की बुटावरून निसटते. बांधलेली निसटत नाही. घोडा नुसता उड्या मारत असेल तोवर निभावते. तो कोसळला की स्वार त्याला जखडलेली राहते. सप्टेंबर 1929 मध्ये ओरेगन राज्यातल्या पेंडलटन राउंड-अप या रोडिओत बॉनी मॅकॅरोल यांच्या बाबतीत हेच झाले. घोडा पडला, पाय सुटला नाही, आणि काही दिवसांनी त्या रुग्णालयात वारल्या.

यानंतर बंदी यायला हवी होती ती रिकिबी बांधण्यावर. ती आली स्त्रियांवर! पेंडलटनने त्यांची ही स्पर्धाच बंद केली. त्याच वर्षी आयोजकांनी रोडिओ असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन केली आणि तिच्या मान्य प्रकारांच्या यादीत स्त्रियांना स्थान मिळाले नाही. पुरुषही या खेळात जिवाला मुकत होते, पण त्यांचे प्रकार कोणी बंद केले नाहीत.

मग 1931 पासून टेक्सासमधल्या स्टॅमफर्डला वेगळाच प्रकार रुजला. आसपासच्या गावांतून एकेक तरुणी पाठवली जाई आणि घोडा, स्वारी यांच्याबरोबर पोशाखालाही गुण असत. पिंपांभोवतीची फेरी याच स्पर्धेत वाढली. 1948 मध्ये सॅन अँजेलोला 38 स्त्रियांनी एकत्र येऊन गर्ल्स रोडिओ असोसिएशन काढली (1981 पासून तिचे नाव विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन आहे), आणि त्यांच्या नियमांत पोशाखाचे गुण गेले, घड्याळ आले. माझ्या मते पश्चिमेतल्या स्त्रियांच्या गौरवात या एका बदलाला फार वरचे स्थान द्यायला हवे, कारण परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्नच त्याने संपवला.

आता ती ‘सोपी’ शर्यत. तीन पिंपे त्रिकोणात ठेवतात. प्रमाण आखणीत पहिल्या आणि दुसऱ्या पिंपात 90 फूट, त्या दोन्हींपासून तिसरे 105 फूट, आणि वेळ सुरू होण्याच्या रेषेपासून पहिली दोन 60 फुटांवर. घोडा रेषा ओलांडतो तो भरधावच. पहिले पिंप उजवीकडून घेतले तर एक उजवे वळण आणि दोन डावी, डावीकडून घेतले तर उलट. क्रम चुकला तर वेळच धरत नाहीत. पिंप पडले तर 5 सेकंद दंड. हलते पिंप हाताने सावरले तर दंड नाही. प्रमाण आखणीवर चांगला घोडा साधारण 17 सेकंद घेतो आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो, म्हणजे पाच सेकंदांचा दंड बसला की त्या दिवशीचे बक्षीस विसरायचे.

चूक बहुधा पिंपाच्या अलीकडे होते. आत शिरताना घोडा आणि पिंप यांत चार-सहा फूट जागा सोडायची आणि बाहेर पडताना अगदी जवळून निघायचे, ही खरी कला. स्वार समोरच्या वाटेऐवजी पिंपाकडे पाहते, आतल्या बाजूला झुकते, मग घोडाही आतला खांदा पाडतो आणि पिंप आडवे. वळण उशिरा घेतले तर पिंप वाचते, पण प्रत्येक जादा ढांगेला वेळ जातो. शिवाय माती! मागून येणाऱ्यांना पिंपांभोवती चर पडलेले मिळतात, म्हणून ठरावीक स्वारांनंतर ट्रॅक्टरने जमीन पुन्हा सारखी करतात.

याच संदर्भात, आपल्या छायाचित्राखालची ओळ ‘पडू नये म्हणून खोगीर घट्ट धरलेली तरुणी’ अशी आहे. ती पडत नाही. वळणावर आतल्या हातात लगाम आणि बाहेरचा हात खोगिराच्या पुढच्या खुंटावर, हीच पद्धत आहे. त्या हाताने ती अंग मागे रेटून बैठक धरते, म्हणजे घोड्याला मागच्या पायांवर भार घेऊन वळता येते. शार्मेन जेम्स यांनी 1984 ते 1993 अशी सलग दहा वर्षे या शर्यतीचे जागतिक विजेतेपद मिळवले ते स्कँपर या घोड्यावर. 1985 च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत ऐन फेरीत त्याच्या तोंडावरचा लगाम सुटला, तरी त्या फेरीत त्या पहिल्या आल्या. लगामापेक्षा बैठक किती काम करते, याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

लेखात रोडिओबाहेरच्या स्त्रियांना दोनच ओळी मिळाल्या. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या लिझी जॉन्सन या शिक्षिकेने 1871 मध्ये गुरांवर डागायची स्वतःची खूण सरकारदरबारी नोंदवली. ज्याची खूण त्याचे जनावर, तेव्हा आपल्याकडच्या सातबाऱ्यावर नाव लागण्याइतकेच हे महत्त्वाचे. 1879 मध्ये लग्न करताना आपली मालमत्ता आपलीच राहील असा करार त्यांनी करून घेतला आणि पुढे नवरा-बायकोचे कळप टेक्सासमधून उत्तरेकडे गुरे हाकत नेण्याच्या चिझम ट्रेल या वाटेवरून वेगवेगळ्या खुणांनी गेले. टेक्सासमधल्याच किंग रँच या गुरांच्या विस्तीर्ण मळ्याच्या हेन्रिएटा किंग यांच्या पदरात 1885 मध्ये, पती वारल्यावर, सुमारे पाच लाख एकर जमीन आणि सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज आले. कारभार जावई रॉबर्ट क्लेबर्ग पाहत, मालकी त्यांची. 1925 मध्ये त्या वारल्या तेव्हा जमीन दहा लाख एकरांच्या वर गेली होती.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या नॅशनल काउगर्ल म्युझियममध्ये या सगळ्या परंपरेची नोंद ठेवली जाते. ते 1975 मध्ये हियरफर्ड गावच्या वाचनालयाच्या तळघरात सुरू झाले, हेही लेखात यायला हरकत नव्हती.

वरील विधान आणि छायाचित्राखालची ओळ, दोन्हींची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर