रविवारच्या बैठकीचे स्मरण

अभ्यासगटाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातील नेहमीच्या जागी गणित, वैद्यकीय प्रतिमा आणि किशोरवयीन मन या विषयावर बैठक होईल. एखाद्या आकृतीतून जाणाऱ्या अनेक रेषांवरील मूल्यांच्या बेरजांवरून ती मूळ आकृती परत मिळविण्याची रीत ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ साली निव्वळ गणित म्हणून मांडली. पुढे अशाच गणितावर क्ष-किरणांनी शरीराच्या आतील छेदचित्र देणारा सीटी स्कॅन उभा राहिला आणि त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ कॉरमॅक व अभियंते हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांच्या मेंदूच्या संशोधनात मात्र क्ष-किरण टाळून प्रामुख्याने चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा घेणारा एमआरआय वापरतात, आणि संयम सांभाळणारा कपाळामागील भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हे त्यातून अधिक स्पष्ट झाले. दहावी-बारावीच्या पालकांनी अवश्य यावे. मुलांचे स्कॅन अहवाल मात्र आणू नयेत, कारण बैठकीत निदान केले जाणार नाही.