वाटपाच्या दाव्याचा खर्च कोणाच्या माथी? मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. थोरल्या भावाने वाटपाचा दावा लावला असून त्याचा सगळा खर्च तो तुझ्या आणि ताईच्या हिश्शातून वळता करून घेणार आहे, हे वाचून मला आमच्या घरातली लाल वही आठवली. दाव्याची १४ वर्षे काकांनी तीत पै-पैचा हिशोब ठेवला होता. तडजोडीला बसल्यावर आत्याने बोट ठेवले ते मात्र वकिलांच्या फीवर नव्हे, तर ‘तारखेस जाणे, मिसळ दोन प्लेट’ या नोंदीवर! अपिलापायी मुंबईला घातलेल्या खेपांची महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटेही त्याच वहीत चिकटवलेली होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसू लागल्याने तुमची तेवढी पाने तरी कोरी राहतील.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्चाचा हुकूम न्यायालयाच्या विवेकावर असतो. हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम, आणि तो मोडायचा तर न्यायाधीशांना कारणे लिहावी लागतात. वाटपाच्या दाव्यात मात्र प्रत्येकाला आपलाच हिस्सा मिळत असल्याने ‘ज्याचा त्याने खर्च सोसावा’ असा हुकूम पुष्कळदा होतो, आणि कोर्ट कमिशनरची (वाटपाच्या कामासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीची) फी व मोजणीचा खर्च साधारणपणे हिश्शाच्या प्रमाणात सर्वांवर पडतो. शिवाय दावा ‘खर्चासह’ मंजूर झाला, तरी त्यात वकिलांची फी नियमाने ठरते तेवढीच धरली जाते. प्रत्यक्ष मोजलेली रक्कम क्वचितच भरून येते.

तेव्हा भावाला एवढेच विचार, की हा पैसा मिळकत राखण्यासाठी गेला की स्वतःचा हिस्सा वाढवण्यासाठी? शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून त्याने मनाई हुकूम आणला असेल, तर तो खर्च तिघांचा, आणि तो देताना तू खळखळ करू नयेस. मृत्युपत्राच्या बाबतीतही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ३२१ याच वाटेने जाते: अंत्यविधीच्या खर्चानंतर प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा, आणि मिळकतीच्या व्यवस्थेसाठी आवश्यक ठरलेल्या न्यायालयीन कामांचा खर्च मिळकतीतून, तोही कर्जे फेडण्याआधी. परंतु ताईचा हिस्सा नाकारण्यासाठी लावलेल्या वकिलांची फी ताईच्याच हिश्शातून कापायची, हा कुठला न्याय?

ताईला कळव, की मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकारांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकीलही मिळतो. भाऊ वकिलांना फीऐवजी दोन गुंठे देऊ म्हणत असेल, तर दाव्याच्या मिळकतीत वाटा घेण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे.

लोकअदालतीत मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती कोणी घ्यायची आणि झालेला खर्च कोणी किती सोसायचा, याचे कलम तडजोडनाम्यात स्वतंत्र लिहून घ्या. आम्ही ते लिहायचे राहू दिले आणि आत्याने पुढे दोन दिवाळ्या भाऊबीजेला यायचे टाळले.

रविवारी गडहिंग्लजहून येताना भावाच्या हिशोबाची झेरॉक्स आणि पावत्या आण. सामाईक खर्चापुढे निळी खूण करू, त्याच्या एकट्याच्या खर्चापुढे लाल.

तुझा,
जुना बाकमित्र