वायरवाल्या आयईएमचा दोष बहुधा टिप्समध्ये

महोदय,

लोकलमध्ये आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर वायरवाले इअरफोन पुन्हा दिसू लागले आहेत. त्यातही कानामागून वायर घ्यावी लागणारे इन-इअर मॉनिटर, म्हणजे आयईएम, तरुणांना आवडतात. दीड-दोन हजारांत उत्तम जोड मिळतो. पण 'आवाज पातळ आहे, बेसच नाही' म्हणून अनेकांचा पहिला जोड लवकरच खणात जाऊन पडतो. बहुतेक वेळा त्यात आयईएमचा दोष नसतो, चुकीच्या मापाच्या टिप्सचा, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांचा असतो.

कानाच्या नळीत टिप हवाबंद बसली तरच बेस ऐकू येतो. जरा फट राहिली की खर्ज तिथून निसटतो, उरलेला आवाज टोचू लागतो आणि माणूस व्हॉल्यूम चढवतो. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या सिलिकॉन टिप्स असतात. त्यातली आधीच चढवलेली मध्यमच बहुतेक जण वापरत राहतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. घालताना दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढावा, आयईएम किंचित फिरवत आत सरकवावे, मग कान सोडावा. बोलून पाहावे, स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर टिप नीट बसली. फोमची टिप चिमटीत दाबून घालायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरायची. ती बाहेरचा गोंगाट जास्त अडवते, पण मुंबईच्या घामात लवकर सैल पडते.

एक बाजू हळू वाजू लागली की नोझलची, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या नळीची, जाळी उजेडात धरून पाहावी. बहुधा कानातला मळ अडकलेला असतो. सिलिकॉनची टिप काढून साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळू द्यावी. नोझलचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ टूथब्रशने जाळी झाडावी म्हणजे मळ खाली पडतो. टाचणी घालू नये, फुंकर मारू नये, स्पिरिट लावू नये. मळ किंवा ओल आत ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागापर्यंत जाते.

जाळी साफ असूनही फरक पडला नाही, तर केबलची दोन टोके आयईएममधून काढून अदलाबदल करून लावावीत. केबलचे कानामागचे हूक उलटे वळतात, पण तपासण्यापुरते चालते. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर केबल खराब, जागीच राहिला तर आयईएम. ०.७८ मिमीच्या टू-पिन केबल सरळ ओढूनच काढाव्यात, पिळल्या की पिना वाकतात. एका बाजूची पिन उलटी बसली तर गायकाचा आवाज मधोमध न येता विस्कटतो आणि बेस गायब होतो. पावसाळ्यात घाम पुसल्याशिवाय डबी बंद करू नये. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. जॅक नसलेल्या फोनसाठी डॅक चिप (डिजिटल सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलणारी) असलेला टाइप-सी डोंगल, म्हणजे छोटा अडॅप्टर घ्यावा. साधा डोंगल प्रत्येक फोनवर चालत नाही.

हे सगळे कानांच्या आरोग्याशी जोडलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत फक्त ४ तास. लोकलच्या खडखडाटावर मात करायला व्हॉल्यूम वाढवणाऱ्याची मुदत झपाट्याने संपते. नीट बसलेली टिप तो खडखडाट बाहेरच अडवते, म्हणून कमी व्हॉल्यूमवर भागते. मात्र तीच टिप फलाटावरची घोषणा आणि गाडीचा भोंगाही अडवते. फलाटावर आणि रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत, एक नव्हे.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून उपनगरांतल्या मोबाइलच्या दुकानांपर्यंत सर्व विक्रेत्यांना विनंती आहे: टिप्सचे सुटे जोड मापानुसार विकायला ठेवा आणि आयईएम देताना ग्राहकाला योग्य टिप निवडून दाखवा. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

– एक वाचक, दादर, मुंबई