कॅसेट आधी वाचा, मग चालवा

संपादक महोदय,

दिग्दर्शकांच्या घरच्या व्हिडिओ-संग्रहाची बातमी आली की चर्चा यादीची होते. अमक्याकडे जपानी सिनेमा किती, तमक्याच्या कपाटात हाँगकाँगचे मारधाडपट किती. यादीवरून फार थोडे कळते. दिवाणखान्यातल्या कपाटात काय मांडायचे हे माणूस ठरवू शकतो. टेप कोणत्या दृश्यापाशी घासली गेली, हे त्याच्या हातात नसते. म्हणून संग्रह पाहायचा तर आधी वस्तू पाहावी, नावे नंतर.

नेहमीचे उदाहरण क्वेंटिन टॅरेन्टिनो यांचे. ऐंशीच्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या 'व्हिडिओ अर्काइव्हज' या दुकानात कामाला होते. दुकान बंद झाल्यावर तिथला साठाच त्यांनी विकत घेतला. २०२२ मध्ये तिथले जुने सहकारी रॉजर अ‍ॅव्हरी यांच्यासोबत त्यांनी त्याच नावाचा पॉडकास्ट सुरू केला, तोही त्याच कॅसेट्स पुन्हा पाहून. पण या साठ्याला टॅरेन्टिनोंची 'निवड' म्हणणे घाईचे ठरेल. भाड्याच्या दुकानात गिऱ्हाईक मागेल ते ठेवावे लागते, आणि तिथल्या टेपवरची झीज शेकडो गिऱ्हाइकांच्या यंत्रांची असते. हा संग्रह त्यांच्याबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगतो. चांगले-वाईट न निवडता, कप्प्यांसकट सगळे दुकान घरी आणावे असे त्यांना वाटले. ती गोष्ट लहान नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा संग्रह अगदी वेगळ्या जातीचा. तो दूरचित्रवाणीवरून रेकॉर्ड केलेला, हजारो व्हीएचएस टेप्सचा आहे आणि आता कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संग्रहात आहे. चित्राच्या दर्जासाठी भांडणारा हा माणूस. रंग उडणाऱ्या फिल्मविरुद्ध त्यांनी १९८० मध्ये आवाज उठवला, १९९० मध्ये द फिल्म फाउंडेशन स्थापन केले. उदय शंकर यांच्या १९४८ च्या 'कल्पना'चे २०१२ मधले पुनरुज्जीवन त्याच संस्थेच्या जागतिक सिनेमा प्रकल्पातून, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या निगेटिव्हवरून झाले. असा माणूस घरी जेमतेम २४० रेषांचे, म्हणजे अंधुक, व्हीएचएस चित्र का साठवतो? कारण टेप ही त्यांची वही होती. वहीचा कागद कसा आहे याला महत्त्व नसते, हवे ते पान सापडण्याला असते.

अशा टेपवर सिनेमाची नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे तपासण्याजोगे असते. वेळेत बसवण्यासाठी वाहिन्या सिनेमे कापत. २.३५:१ आकाराचा (उंचीच्या २.३५ पट रुंद) सिनेमा जुन्या टीव्हीच्या १.३३:१ च्या पडद्यावर पूर्ण भरायचा तर चित्राचा शेकडा ४३ भाग बाहेर राहतो. एखाद्या दिग्दर्शकाने एखादी फ्रेम अशी छाटलेलीच वर्षानुवर्षे पाहिली असेल, तर त्याच्या मनातली चौकट मूळ फिल्मची नसून त्या टेपची असण्याची शक्यता धरावी लागते. नुसत्या यादीत दोन्ही आवृत्त्यांचे नाव एकच.

मधल्या जाहिरातीही काढू नयेत. अमेरिकी दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक इंग्लंडमध्ये राहत. अमेरिकी फुटबॉलचे सामने ते अमेरिकेतून टेप करून मागवत, जाहिरातींसकट. बियरच्या तीस सेकंदांच्या जाहिरातींच्या संकलनाचे त्यांनी १९८७ च्या एका मुलाखतीत मनापासून कौतुक केले होते. पुढे कुणी उत्साहाने 'फक्त सामना ठेवा, जाहिराती उडवा' असे केले, तर बरोबर कामाचा भागच जाईल.

टेप कशी वाचावी, हे थोडे तपशिलात सांगतो. कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत: कडेचे लेबल, पुठ्ठ्याचे कव्हर, आत सरकवलेली चिठ्ठी. लेबलावरचा मजकूर चुकांसकट तसाच उतरवावा. रीळ कुठे थांबले आहे ते खिडकीतून पाहून लिहावे आणि मगच रिवाइंड करावे. बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला हा पुरावा पुसून टाकतात. कडेचा प्लास्टिकचा टॅब मोडलेला असेल तर मालकाला ते रेकॉर्डिंग जपायचे होते. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली असेल तर त्याचे मन बदलले. अशा टेपवर सिनेमा संपल्यावरही शेवटपर्यंत थांबावे, कारण आधीच्या रेकॉर्डिंगचे शेपूट तिथे उरलेले असते.

मग वेग. अमेरिकी टी-१२० कॅसेटवर एसपी म्हणजे पूर्ण वेगाने दोन तास मावतात, ईपी या सर्वांत संथ वेगाने सहा. आपल्याकडच्या ई-१८० वर पूर्ण वेगाने तीन तास, एलपी या निम्म्या वेगाने सहा. एका सिनेमासाठी पूर्ण वेग आणि दुसऱ्यासाठी कंजुषी, यातून मालकाच्या लेखी त्यांची किंमत कळते. मात्र एका कॅसेटवर शेजारी आलेल्या दोन सिनेमांतून कुणी वैचारिक नाते शोधू लागले, तर त्याला आवरावे. बहुतेक वेळा उरलेल्या जागेत जे बसले, ते तिथे गेलेले असते.

सगळ्यांत बोलकी झीज. पॉज केल्यावर टेप जागच्या जागी थांबते, पण पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) यंत्राचा फिरता ड्रम सेकंदाला २५ फेरे मारत राहतो आणि त्यावरचे, टेप वाचणारे हेड त्याच तुकड्यावर घासत राहतात. म्हणूनच पाचेक मिनिटांनी यंत्र आपोआप थांबते. एकाच दृश्याशी वारंवार थांबून मागेपुढे केले असेल, तर तेवढ्याच जागी चित्रात मुंग्या (थरथरणारे ठिपके) आणि पांढऱ्या रेघा येतात. पण प्रत्येक मुंगी म्हणजे अभ्यास नव्हे. ओलीने किंवा बुरशीने झालेले डाग रिळाच्या प्रत्येक वेढ्यागणिक, ठरावीक अंतराने पुन्हा दिसतात. कड चुरगळली असेल तर पट्टा लांबवर एकाच उंचीवर राहतो. पॉजची खूण एकटी आणि छोटी असते. आणि टेप पहिल्या मालकाचीच आहे ना, हे आधी बघावे. दुकानातल्या टेपचे वर आलेच आहे.

हे सर्व आपल्याकडे सांगण्याचे कारण, मराठी दिग्दर्शकांच्या आणि संकलकांच्या घरांतही अशा पेट्या आहेत आणि पावसाळा त्यांचा शत्रू आहे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. रिळावर पांढरी पूड किंवा जाळे दिसले तर ती कॅसेट चालवून बघू नये. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळी काढावी, मास्क लावूनच हाताळावी, सुक्या जागी वाळू द्यावी आणि जाणकाराकडून साफ करून घ्यावी. बाकीच्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या थप्पीत नकोत. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याची पट्टी वापरावी. कानकोरणीच्या कापसाचे तंतू हेडमध्ये अडकतात. यंत्राची परीक्षा आधी बिनकामाच्या कॅसेटवर करावी.

डिजिटल प्रत काढणारी दुकाने सहसा सगळे छोट्या एमपी-४ फाइलीत बसवून देतात. कुटुंबाला पाहायला ते ठीक, पण मूळ प्रत म्हणून टाइम बेस करेक्टर या, हलणारे चित्र स्थिर करणाऱ्या यंत्रातून ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची) तशीच ठेवून, एफएफव्ही-१ या काहीही न गमावता दाबणाऱ्या (लॉसलेस) प्रकारात घ्यावी. काहीही न दाबता घेतली तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, एफएफव्ही-१ मध्ये साधारण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. आणि प्रत झाली म्हणून कॅसेट भंगारात देऊ नये. लेबल, टॅब आणि हस्ताक्षर फाइलीत उतरत नाही.

संग्रह कोणत्याही संस्थेला देण्यापूर्वी कप्प्यांचे, जसे आहेत तसे, क्रमांक टाकून फोटो घ्यावेत. घरची मंडळी सोपे जावे म्हणून सगळे अकारविल्हे लावतात आणि मालकाने स्वतः लावलेला क्रम कायमचा जातो.

शेवटचे, लेबल नसलेल्या कॅसेट्सबद्दल. त्या कोऱ्या समजून सर्वांत आधी फेकल्या जातात. संकलनाच्या टेबलावरून घरी पाहायला आणलेले, खाली टाइमकोड (वेळेचे आकडे) पळणारे रफ कट, म्हणजे सिनेमाची कच्ची संकलने, बहुधा त्यांच्यातच असतात, आणि पुढे सिनेमातून गळलेले एखादे दृश्य फक्त त्या एकाच टेपवर उरलेले असू शकते. पेटी उघडल्यावर आधी त्या बाजूला काढाव्यात.

– एक फिल्म सोसायटी कार्यकर्ता, पुणे