इम्पल्स गेली, आता कोणती?

राजापूर,
आषाढ, भर पावसात

प्रिय बंड्या,

माझी मोटारसायकल, हिरोची इम्पल्स, दिली. घरात कुणाला सांगून उपयोग नाही. बाबल म्हणाला, "पडवी मोकळी झाली." ही म्हणते आता अ‍ॅक्टिव्हा घ्या, निदान बाजार तरी येईल. दीडशे सीसीची, १३४ किलोची ती काडीपैलवान गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे तुला एकट्याला कळेल. म्हणून शिमग्यापासून तटलेलं पत्र आज सुटलं. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर शहाण्यासारखं वागतंय. तब्येतीचं एवढंच.

आता मुद्दा, तिच्या जागी कोणती घ्यायची. तुझं उत्तर मला न विचारता ठाऊक आहे: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घे आणि मोकळा हो. ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी, सकाळी निघालास की दुपारी माझ्याकडे जेवायला. हायवेपुरतं तुझं बरोबर आहे, लिहून देतो. माझ्या मनातली हिरोची दोनशे सीसीची एक्सपल्स ऐंशी-पंच्याऐंशीला गुमान चालते, पण चौपदरीवर कंटेनरला मागे टाकायचं म्हटलं की हातात काही उरत नाही. फक्त माझा हिशोब हायवेपासून सुरू होत नाही. ओणी-पाचल रस्ता सोडला की डांबर संपतं, मग सडा (कातळाचा माळ), मग पाणंद, आणि बागेच्या अलीकडे पऱ्या, म्हणजे ओढा. हायवेवर ताकद कमी पडली तर पोचायला उशीर होईल, बस. पऱ्यात आडवी झालेली गाडी उचलता आली नाही तर भिजत वाडीपर्यंत चालत जाऊन माणसं आणायची. म्हणून मी यादी खालून वर वाचतोय. आधी वजन, मग उंची, चाकं, सस्पेन्शन, आणि पीएस सगळ्यांच्या मागे.

हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स २१० ही १६८. फरक २८ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून थोडा जास्त. शोरूमच्या फरशीवर दोन्ही उचलता येतात, पण फरशीवर कोण पडतो? उचलायची रीत तीच: गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी होऊन पलीकडे जाते. गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, ढुंगण सीटला टेकवायचं. एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या कॅरिअरच्या नळीवर, आणि पाठ ताठ ठेवून मागे मागे बारीक पावलं टाकायची. सगळा जोर पायांचा. लाल चिखलात पायांनाच पकड नसते, आणि तिथे ते २८ किलो दिसतात. उतारावर चाकं वरच्या अंगाला असतील तर उचलायचीच नाही, आधी गाडी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे घ्यायची. हे फिरवणं हलक्या गाडीला एकट्याने जमतं. जड गाडीला दोघं लागतात, आणि दुसरा माणूस, म्हणजे तू, पुण्यात.

मग कावासाकीची केएलएक्स २३० का नाही, १३९ किलोच तर आहे, असं विचारशील. टाकी ७.६ लिटरची आणि सीट ८८० मिमी. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर पाहिली, दात ओठ खाऊन धावणारी गाडी, पण तिचीही टाकी ९ लिटर आणि सीट ८६०. कोल्हापूरला अणुस्कुऱ्याने जाऊन परत यायचं म्हटलं की प्रत्येक पंपावर नमस्कार करत जावं लागेल.

उंचीवर आता हसून घे. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाडं पुस्तक वर दाबून मापलं: ७६० मिमी. एक्सपल्स २१० ची सीट ८३० असली तरी मी बसलो की गाडी खाली बसते, त्यामुळे चवडे टेकतात. एक तळवा पूर्ण टेकला तरी मला पुरतं. आकड्याइतकीच सीटची रुंदीही बघावी लागते. रुंद सीट मांड्या फाकवते आणि तेवढी उंची फुकट खाते. एक्सपल्स २०० ४व्ही प्रो वर माझा जीव आहे हे तुला माहीत आहे, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलतं ते) २५० मिमी पुढे, २२० मागे, पण सीट ८९१. त्यावर मी बसलो की टांग्यावर नव्हे, माडावर चढल्यासारखा दिसतो, हे तुझ्याआधी बाबल म्हणून गेलाय.

आणि लोअरिंग लिंक (गाडी मागून खाली बसवणारा जोड) हा शब्द पत्रात आणू नकोस, त्यावरून आपलं एकदा झालंय. मागून गाडी खाली घेतली की पुढचा फोर्क आडवा पडतो, हँडल जड होतं, जमिनीपासूनचं अंतर जातं, आणि साइड स्टँड लांब पडून गाडी इतकी उभी राहते की वाऱ्याने उजवीकडे कोसळेल. लिंक घातलीच तर फोर्कच्या नळ्याही क्लँपमधून त्याच बेताने वर सरकवाव्या लागतात, स्टँड कापावा लागतो. त्यापेक्षा सीटचा फोम दोन्ही कडांनी तासून घेणं स्वस्त. जाड तळव्याचे बूट तर आहेतच.

चाकांचं भांडण तर चिपळूणच्या स्टँडवर अर्धवट राहिलंय, तेव्हा पुढे चालवू. पुढे २१ इंची हवंच. पाखाडीच्या पायरीवर किंवा घळीच्या काठावर १९ चं चाक आपटतं तिथे २१ चं चढतं. एवढ्यासाठी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स यादीतून गेली, रस्त्यावर ती कितीही गोड असली तरी. शिवाय तिचा एबीएस बंद करता येत नाही. ओल्या जांभ्याच्या उतारावर एबीएस काय करतो? चाक अडकलं की ब्रेक सोडतो, धरतो, परत सोडतो, आणि गाडी थांबायचं सोडून उतरतच राहते. निदान मागचा तरी बंद झाला पाहिजे. पुढचा मात्र चालू ठेव, डांबरावर परतल्यावर आठवण राहत नाही. मागे १८ की १७ हा वाद मला फारसा वाटत नाही, फक्त १८ मध्ये खडबडीत टायर जास्त मिळतात.

आता तुझं लाडकं ट्यूबलेस. मान्य, खिळा गेला तर चाक न काढता पाच मिनिटांत भोकात बत्ती (रबराची पट्टी) घालून मोकळा. पण पाणंदीतल्या दगडाने रिमची कड वाकली की ट्यूबलेसमधून हवा जाते ती जातेच, बत्ती तिथे चालत नाही. ट्यूबवाली वाकडी रिमसुद्धा घरी आणते. उलट बाजूही सांगतो, नाहीतर तूच सांगशील: डांबरावर २५-२८ पीएसआय असेल तर पाणंदीत मी १८-२० वर येणार, आणि त्याखाली गेलो तर दगडावर रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मागच्या चाकात तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हच उपटतो, रिम लॉक (टायर रिमला आवळून धरणारा तुकडा) नसेल तर. पंप सोबत हवाच, कमी हवेवर हायवे मारायचा नाही, टायर तापतो.

पंक्चर काढताना आपल्याकडचा प्रत्येक जण लिव्हरवर ताकद लावतो. ताकदीचं कामच नाही. लिव्हर जिथे लावलाय त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची, म्हणजे इकडे ढील मिळते. नवी ट्यूब आत घालताना आकार येईल एवढीच हवा भरायची, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. कडा साबणाच्या पाण्याने ओल्या करायच्या आणि शेवटचा तुकडा व्हॉल्व्हपाशी बसवायचा. सुटी ट्यूब एकच ठेवायची, २१ ची. अडीअडचणीला ती मागच्या १८ मध्ये घालून घर गाठता येतं, १८ ची पुढे येत नाही.

टायरचा रबर हा पुस्तकी लोक विसरतात तो भाग. शेवाळलेल्या कातळावर टायरवरच्या मोठ्या गुट्ट्या काही करत नाहीत, तिथे मऊ रबर आणि कमी हवा कामाला येते. लाल चिखलात उलटं, गुट्ट्यांमध्ये अंतर नसेल तर चिखल भरून टायर गुळगुळीत होतो. आपल्याला दोन्ही एकाच सकाळी लागतं, म्हणून अर्धा रस्ता-अर्धा माती असलेलाच टायर. पावसाळ्याआधी नवा, कारण गुट्ट्यांच्या धारा गोल झाल्या की त्याचं पोट भरलं. आणि सड्यावर चाकोरी सोडून जायचं नाही, बारसू असो की देवाचे गोठणे. कातळशिल्पांवरून टायर फिरवणाऱ्यांना मी शिव्या घालतो, त्यात माझी भर नको.

सस्पेन्शनचा ट्रॅव्हल वाचून लोक खूश होतात आणि गाडी जशी आली तशी चालवतात. सॅग, म्हणजे आपण बसल्यावर गाडी किती दबते, ती मापायची: मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेप लावायची, मग बूट-हेल्मेट-पिशवीसकट बसून तेच माप दुसऱ्याने घ्यायचं. फरक एकूण ट्रॅव्हलच्या तीस टक्क्यांच्या आसपास. एक्सपल्स २१० ला मागे २०५ मिमी आहे, म्हणजे साधारण ६०. जास्त बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) घट्ट. घट्ट करत करत शेवटाला पोचलं आणि रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसेनाशी झाली, तर स्प्रिंगच मऊ आहे, बदलावी लागणार. मागे कायम आंब्याची पेटी असेल तर हे आधी तपासावं. हो, माझ्याच मागे असेल.

एक गोष्ट मात्र झोप खाते. २१० लिक्विड कूल्ड आहे. चिखलाने रेडिएटरच्या जाळ्या भरल्या की घाटात पंखा ओरडत राहतो, आणि कोणी उत्साही पोरगा प्रेशरने धुतो आणि पाती आडवी करतो. नळाच्या साध्या पाण्याने, मागून पुढे धुवायचं. पुढे जाळी लावेन. २०० मध्ये पाण्याचा रेडिएटरच नाही, हे लचांड कमी, म्हणून जुनी ४व्ही शोधायचाही विचार आहे. पण इथली किनाऱ्याची जुनी गाडी म्हणजे आरे (स्पोक) गंजलेले. प्रत्येकावर पान्याने टिचकी मारायची, खणखणीत वाजतो तो घट्ट, थप वाजतो तो सैल. चाक वर उचलून हँडल सावकाश फिरवायचं, मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. फोर्कच्या नळीवर तेलाचा थर, स्प्रॉकेटचे दात वाकडे, मागचा कॅरिअर जिथे चॅसीला जोडलाय तिथे केसाएवढी चीर. मीठ कुठे कुठे शिरलंय ते वरून दिसत नाही, कनेक्टर उघडून हिरवी बुरशी बघायची.

पऱ्याबद्दल तुला सांगायला नको, पण वहिनीला न दाखवता वाच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढून एअर फिल्टर बघ, ओला असेल तर प्लग काढ, मग सेल्फ दे, पाणी भोकातून उडून जातं. ऑइल पांढरट चहासारखं दिसलं तर इंजिन चालवत घरी आणू नकोस.

तुझं काय? बदली झाली का, की अजून फाइल फिरतेय? चिनूचा अकरावीचा प्रवेश कुठे झाला ते कळव. वहिनीला सांग, कोकम आगळ ठेवलंय. आबांना माझा नमस्कार, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन या थंडीत उरकून टाका.

तर माझा कल: २१०, जास्त वजन न चढवता. इंजिनखालची बॅश प्लेट लोखंडाची नको, अ‍ॅल्युमिनिअमची, हँडगार्ड धातूच्या दांड्याचे, आणि पुढचं स्प्रॉकेट एक दाताने लहान, पाणंदीत पहिला गिअर रांगायला लागतो. हायवेला थोडं जास्त ओरडेल, ओरडू दे. कंपनीची बाकीची चकाकी दुकानातच राहू दे. तू हिमालयनवर ठाम असशील तर पत्रात नको, इथे येऊन सांग, आणि तुझी हिमालयन घेऊनच ये. पऱ्यात आडवी करू, मग एकट्याने उचलून दाखव. आत्या घावणे करायला तयार आहे.

तुझा,
दादू

ता. क. येताना लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतून २१ ची जाड ट्यूब आण, चार मिलिमीटरची नको, ती घड्या घालून पिशवीत मावत नाही. व्हॉल्व्हच्या चाव्याही दोन आण. माझी तुझ्याकडेच आहे.