‘तोल जाऊन पडली’ एवढंच लिहू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं झाली मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून मीटिंगला, बाजाराला, दवाखान्यात, लग्नाकार्याला सगळीकडं जाते. गाडी मला चालवता येत नाही, पण मागं बसणारीचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि त्याच्याबद्दलच हे पत्र आहे.

तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर खाली एका कॉलमात अधूनमधून बातमी असते, दुचाकीवरून तोल जाऊन पडल्याने महिलेचा मृत्यू. चारच ओळी, नाव, वय, गाव आणि पोलिसात आकस्मिक मृत्यूची नोंद, संपलं. मी पण आधी ते वाचून अरेरे म्हणून पान उलटायची. पण मागच्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई पडल्या तेव्हापासून ती बातमी दिसली की माझ्या मनात एकच येतं, की ती बाई पडली ते कळलं, पण कामुन पडली?

आमचं काय झालं ते सांगते. जाऊबाईंच्या पोरानं, माझ्या पुतण्यानं दसऱ्याला दीडशे सीसीची नवी गाडी घेतली, हप्त्यावर. घरात सगळे खूश, जाऊबाईंनी स्वतः गाडीला हार घातला, नारळ फोडला. आठ दिवसात त्यानं गॅरेजवर नेऊन, साडी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून असतं ते साडी गार्ड काढून टाकलं, आरसे काढले, मागं धरायचं हँडल असतं ते काढलं, चेनचं कव्हर अर्धं कापलं आणि आवाजाचा सायलेन्सर बसवला. मी म्हणलं अरे हे कामुन काढलास, तर म्हणे काकू लुक येत नाही, सगळे पोरं काढायलेत. काढलेलं साडी गार्ड आणून माळवदावर टाकलं, तिथंच ते पडून होतं.

दिवाळीच्या आधी बाजाराच्या दिवशी जाऊबाई त्याच्या मागं बसून निघाल्या. आमच्याकडं बायका एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडं सोडून बसतात, आणि बहुतेक गाड्यांची चेन पण डाव्याच बाजूला असते, म्हणजे जिथं साडीचा घोळ लोंबतो बरोबर तिथंच चेन आणि चाक. मांडीवर पिशवी होती, पदर खांद्यावर पिन लावून घेतला होता. गावाबाहेर निघाल्या निघाल्या वाऱ्यानं पदराचं टोक मागं उडालं आणि चाकात गेलं. पिन लावलेली म्हणून पदर सुटला नाही, त्यानं बाईलाच ओढलं. गाडी काही जोरात नव्हती, पुढं गतिरोधक होता म्हणून पोरानं स्पीड कमीच केला होता, आणि तेवढ्यामुळंच आज जाऊबाई आमच्यात आहेत असं मी मानते. डाव्या बाजूचं हंसळीचं हाड मोडलं, डोक्याला सात टाके पडले. १०८ ला फोन केला, गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं.

ऐन कापूस वेचणीचा हंगाम. वेचणीला किलोमागं पैसे मिळतात, हात गळ्यात बांधलेली बाई काय वेचणार, सगळा हंगाम घरी बसून गेला.

आणि भेटायला येणारं प्रत्येक जण काय म्हणायचं तर तोल गेला असंल, नीट बसायचं असतं, पदर खोचून घ्यायचा असतो. घरातले पण तेच. दवाखान्याच्या कागदावर गाडीवरून पडून जखमी एवढंच. म्हणजे गाडीचं चाक उघडं कुणी केलं ते कुठंच आलं नाही, चूक झाली ती बसणारीची. हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आज पण होत नाही.

मग मी शोधायला लागले. धाकटा पुतण्या कॉलेजला आहे, त्याला म्हणलं मोबाईलवर नियम काढ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२३ नंबरचा नियमच याच्यावर आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. चालवणाऱ्याच्या मागं किंवा बाजूला धरायला पक्की मूठ पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे, आणि मागच्या चाकाचा कमीत कमी अर्धा भाग झाकणारं काहीतरी पाहिजे म्हणजे मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. हे वाचून मी सुन्न झाले. कुणीतरी आमचा विचार करून नियम लिहिलेला आहे, कंपनी ते बसवून देते आणि आपण गावात आणून पहिलं तेच सोडतो. पोराला लुक पाहिजे होता म्हणून त्या तीनपैकी दोन गोष्टी गेल्या होत्या.

मी सगळ्या बदलांच्या विरोधात नाही. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पुढच्या मडगार्डमध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरत नाही, म्हणून शेतकरी मडगार्ड उचलून घेतात किंवा काढतात, ती गरज आहे आणि त्याच्यावर कंपन्यांनीच काहीतरी करायला पाहिजे. दुधाच्या कॅनला कडी लावतात, लेग गार्ड बसवतात, ते पोटापाण्याचं आहे. पण साडी गार्ड, आरसे आणि धरायचं हँडल यातलं काहीच आपल्या रस्त्यावर अडचण करत नाही. तिन्ही आपल्याला वाचवणारे आहेत आणि पहिले तेच जातात.

आरशाचं तर उसाच्या सिझनला बघा, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, कित्येकांना मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. त्याला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढायची तर मागून काय येतंय ते आरशातच दिसणार ना. त्यात परळीच्या थर्मलकडून राखेचे हायवा, म्हणजे मोठे डंपर. आरसा नसला की पोरगं मान वळवून मागं बघतं आणि तेवढ्यात पुढचा खड्डा येतो, गाडी आदळते आणि मागची उडते, कारण धरायला हँडल पण नाही, पोराच्या शर्टाला धरून बसलेली असते.

सायलेन्सरबद्दल थोडंच लिहिते कारण त्याच्यावर बरेच जण लिहितात. माझ्या अंगणवाडीसमोरून ते फटाके फोडणारे पोरं गेले की झोपलेली लेकरं दचकून उठतात. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला पण आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं अशा आवाजाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, मालकानं नियमाबाहेर गाडी बदलली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका एका बदलामागं ५,००० रुपये दंड आहे. हे पोरांच्या आईबापाला माहीत नसतं, हप्ता तर तेच भरायलेत.

आता हेल्मेट. आमच्याकडं अजून असं समजतात की हेल्मेट चालवणाऱ्याला, मागच्याला काय गरज. कायद्याचं १२९ कलम चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला लागू आहे, पुढं बसो का मागं. न घातल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद असं कायद्यात आहे. गाडी विकताना कंपनीनं हेल्मेट द्यायचं हे पण नियमात आहे, १३८ नंबरच्या. आम्हाला मिळालं होतं, ते पोराच्या डोक्यावर, आईच्या डोक्यावर पदर. जाऊबाईंचे सात टाके हेल्मेट असतं तर पडले नसते असं मला वाटतं.

बायकांची अडचण मला माहीत आहे, अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. मी काय करते, अंबाडा न घालता वेणी घालते किंवा केस मानेजवळ खाली बांधते, मग हेल्मेट नीट बसतं. उन्हाळ्यात गरम होतं हे खरं आहे, मे महिन्यात आमच्याकडं जीव जातो गरमीनं, पण काच खाली घेतली की राख आणि धूळ डोळ्यात जात नाही, हा फायदा मला घातल्यावर कळला. आणि रस्त्याच्या कडेला दीडदोनशेला मिळतं ते घेऊ नका, आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ लिहिलेलं बघा. १ जून २०२१ पासून शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायलाच बंदी आहे तरी ते बाजारात दिसतंच. पट्टा हनुवटीखाली लावला नाही तर ते पडताना पहिलं उडून जातं, हे पण पोरांना शंभर वेळा सांगावं लागतं.

माझं काम लहान लेकरांचं आहे म्हणून त्यांचं पण लिहिते. लेकरू टाकीवर बसवतात, नाही तर आई एका बाजूला बसून एका हातात तान्हं आणि दुसऱ्या हातात पिशवी, म्हणजे धरायला तिला हातच राहत नाही. मग तोल गेला म्हणतात. चार वर्षांच्या आतल्या लेकरासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे, लेकराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवायचा पट्टा लावायचा, नऊ महिन्यांच्या पुढच्या लेकराला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडी ४० च्या वर न्यायची नाही. लसीकरणाच्या दिवशी मी आयांना हे सांगते, पण तो पट्टा कुठं मिळतो विचारलं की मला तालुक्याच्या गावात एक दुकान दाखवता येत नाही. याची बातमी तुम्ही करा ना.

एक गोष्ट मी सासूबाईंकडून शिकले. त्या नऊवारीवाल्या, काष्टा घालून दोन्हीकडं पाय टाकून बसतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं पण आता वाटतं तीच बसायची पद्धत बरोबर आहे, चाकाजवळ लोंबायला काहीच राहत नाही आणि दोन्ही फूटरेस्टवर पाय टेकतात. सहावारीत ते जमत नाही. म्हणून मी आता मीटिंगला पंजाबी ड्रेस घालते, ओढणीची दोन्ही टोकं मागं नेऊन गाठ मारते आणि गाठ जॅकेटच्या आत घेते. सुरुवातीला गावात बोलले, आता कुणी बोलत नाही.

तर साहेब माझी मागणी साधी आहे. तुमच्या वार्ताहरांना सांगा, अशी बातमी आली की चार ओळींच्या ऐवजी सात आठ ओळी लिहा. गाडीला साडी गार्ड होतं का, धरायला हँडल होतं का, ती कोणत्या बाजूनं बसली होती, हेल्मेट होतं का, गतिरोधकाला पांढरे पट्टे मारलेले होते का. एवढं विचारायला फार वेळ लागत नाही, गाडी तिथंच उभी असते. जी बाई गेली ती सांगायला नसते आणि ‘तोल जाऊन’ या दोन शब्दांनी सगळा दोष तिच्यावर जातो. वर्षभर असं छापलं तर कोणत्या गोष्टीनं किती बायका पडायल्यात ते लोकांना आपोआप कळंल, आरटीओला कळंल, गॅरेजवाल्यांना पण कळंल. गॅरेजवाले आमच्याच गावचे पोरं आहेत, ते काय वैरी नाहीत, साडी गार्ड काढायला आलेल्याला एकदा विचारलं की घरी मागं कोण बसतं, तरी खूप झालं.

पुतण्यानं आईला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माळवदावरचं साडी गार्ड काढून स्वतः बसवलं, हँडल गॅरेजवाल्याकडं शिल्लक होतं ते आणलं, चेनचं कव्हर नवं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस तो आईशी धड बोलत नव्हता, जेवायला पण वेगळा बसायचा. पोरगं वाईट नाही हो, त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं एवढंच, आणि मी कामुन काढलास विचारलं तेव्हा लुकवरच बोलणं संपलं, चाकात काय जाईल ते मी पण तेव्हा बोलले नव्हते.

जाऊबाईंची ती साडी आम्ही टाकलेली नाही. हिरवी आहे, पदर चिंध्या झालेला आणि ग्रीसनं काळा पडलेला, पिन अजून तशीच अडकलेली आहे. तुमचा वार्ताहर इकडं आला तर जाऊबाई स्वतः दाखवायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिलंय.

आपली वाचक,
एक अंगणवाडी सेविका, ता. गंगाखेड, जि. परभणी