ओतून टाकलेला कप

नापोली,
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

दोघांनी मिळून कॉफीचं दुकान काढू म्हणणारी तुझी तीन पत्रं आली, उत्तर एकाचंही दिलं नाही. कामाचं निमित्त सांगत नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं. तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पण आज सकाळी जे घडलं ते तुला सोडून कुणाला सांगू?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बार आहे. (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. काकूंना हे आधी सांग, मग पत्र वाचून दाखव.) रात्रभर पाऊस लागला होता. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने नेहमीसारखा पाण्याचा छोटा ग्लास पुढे सरकवला. आधी तोंड स्वच्छ करायचं, मग कॉफी. मशीनचा दांडा खाली ओढून सोडला. एरवी धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि एकसंध पडते, इथले लोक तिला तेच म्हणतात. आज थेंब थेंब गळली, काळपट. हवेतला ओलावा पूड ओढून घेते, मग पाणी अडतं. त्याने कपाकडे पाहिलं आणि सरळ मोरीत ओतला. दळण भरड यावं म्हणून ग्राइंडरची चकती जराशी सैल केली. दुसरा कप काढला, तोही ओतला. तिसरा माझ्यापुढे ठेवला. मागे पाच माणसं उभी होती, एकानेही घाई केली नाही.

मला चहाच्या टपरीवरचे आप्पा दिसले रे. दूध खाली लागलं म्हणून अख्खं पातेलं गटारात ओतणारे आप्पा. तू म्हणालास, ‘अर्ध्या दरात द्या की,’ आणि आठवडाभर त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं!

माझी काळजी हीच आहे. भाडं थकलंय, हप्ता डोक्यावर आहे, गिऱ्हाईक उभं आहे. अशा वेळी तू किंवा मी, कोण कप ओतेल? आपल्या मिसळीच्या गाड्यावर त्या दिवशी तर्री शिळी होती, दोघांनाही ठाऊक होतं. तू ‘उकळून घेऊ’ म्हणालास, मी गप्प बसलो. पुढे भांडलो ते पैशांवरून, पण माझ्या मनात आजही ती तर्रीच आहे.

तू मशीनचे फोटो पाठवतोस. मशीन चांगलंच हवं, पण त्याचं काम पाणी रेटण्याचं. १९०१ साली मिलानच्या बेझ्झेराने वाफेच्या जोरावरचं मशीन काढलं, त्यात कॉफी करपायची. मग गाज्जियाने १९३८ साली पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांड्याचं मशीन आणलं, तेव्हापासून कपावर ती जाड साय आली, क्रेमा. पण सात ग्रॅम पुडीतून पंचवीस सेकंदांत पंचवीस मिलिलिटर उतरणार की नाही, हे दळण ठरवतं. पैसे ग्राइंडरवर घाल. आणि ती इटालियन पाकिटं मागवू नकोस. भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. इथे कॉफीला दाटपणा यावा म्हणून रोबस्टा जातीचं बी मिसळतात, आणि आपल्याला ते पिकवणारं कूर्ग एका रात्रीच्या अंतरावर!

सोफ्यांचा विचारही सोड. इथे माणूस उभ्याने दोन मिनिटांत पितो, सव्वा युरोच्या आसपास देतो आणि निघतो. आप्पांकडे आपण बसायचो कुठे?

बरोबर खायला स्फोल्यातेल्ला घेतो. शिंपल्याच्या आकाराची, गरम, दाताखाली चिरोट्यासारखी कुरकुरते. आत शिजवलेला रवा, रिकोटा चीज, संत्र्याच्या सालीचा मुरांबा आणि दालचिनी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आईच्या सांज्याच्या पोळीची आठवण होऊन डोळे भरून आले. पदरांना पूर्वापार डुकराची चरबी लावतात, ते मात्र आईला सांगू नकोस. त्या गोडावर कडू घोट असा बसतो की साखर घालावीशी वाटत नाही; बाजूचे मात्र दोन दोन चमचे घालतात.

वहिनींची बदली रद्द झाली का? स्वराची दहावी यंदाच ना? सुन्याला सांग, त्याचे पैसे लक्षात आहेत.

गाळ्याचा विसार दसऱ्याआधी देऊ नकोस. त्याआधी मला त्या तर्रीबद्दल लिही.

तुझा,
बाळ्या